एका ओळीचा राजा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

इतिहासाच्या पुस्तकात काही राजांना प्रकरणे मिळतात, काहींना परिच्छेद मिळतात, आणि काहींच्या वाट्याला एखादी ओळ येते. देवगिरीच्या यादवांच्या वंशावळीत असा एक ओळीचा राजा आहे. त्याचे नाव आमणदेव. महादेवराव यादवाचा हा मुलगा आणि रामचंद्रदेवाचा चुलतभाऊ. इ. स. १२७०-७१ च्या सुमारास तो गादीवर बसला आणि थोड्याच दिवसांत पायउतार झाला. महादेवानंतर आमण आला, त्याला दूर सारून रामचंद्र आला, एवढे सांगून पुस्तक पुढे निघून जाते.

वाचकहो, परीक्षेच्या दृष्टीने आमणदेवाला काडीचीही किंमत नाही. त्याच्यावर दीर्घोत्तरी प्रश्न येत नाही, टीपही येत नाही. भिल्लमाने राज्य उभे केले, सिंघणाने ते वाढवले, रामचंद्राच्या काळी ते अल्लाउद्दीनाच्या तडाख्यात सापडले, इतके पाठ केले की यादव संपले! पण वर्गात सरांनी ही वंशावळ फळ्यावर लिहिली, तेव्हा माझे लक्ष त्या मधल्या लहानशा नावावरच खिळून राहिले. दोन मोठ्या नावांच्या मध्ये ते असे अंग चोरून बसले होते, जणू एस. टी.च्या बाकावर दोघा धिप्पाड माणसांच्या मध्ये बसलेले पोर! हा कोण होता? त्याचे पुढे काय झाले? सरांनी मला ग्रंथालयातली दोन-तीन जाडजूड पुस्तके दाखवली. त्यांतून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

ही हकिगत मुळात एका घरातल्या वाटणीची आहे. सिंघणदेव हा यादवांतला मोठा पराक्रमी राजा. त्याच्यामागून १२४७ च्या सुमारास त्याचा नातू कृष्णदेव गादीवर आला. कृष्णदेव १२६१ च्या सुमारास वारला, तेव्हा त्याचा मुलगा रामचंद्र बहुधा लहान होता. म्हणून कृष्णाचा धाकटा भाऊ महादेव राजा झाला. महादेव कर्तबगार निघाला. उत्तर कोकणातल्या शिलाहार सोमेश्वराचा पाडाव करून त्याने राज्य समुद्रापर्यंत नेले. नऊ-दहा वर्षे त्याने कारभार केला. त्याच्या मृत्यूनंतर गादीवर बसला तो त्याचा मुलगा आमण. तोपर्यंत इकडे थोरल्या भावाचा मुलगा रामचंद्र चांगला जाणता झाला होता.

खेड्यात वाढलेल्या माणसाला हा पेच समजावून सांगावा लागत नाही. थोरला भाऊ जातो, त्याचे पोर लहान असते, धाकटा भाऊ शेत सांभाळतो. नांगर त्याने धरलेला, बांध त्याने घातलेला, विहीर त्याने खोदलेली. उद्या त्याच्यामागे ते रान कोणाचे? त्याच्या मुलाचे, की मिसरूड फुटलेल्या पुतण्याचे? आमच्या भागात तहसील कचेरीच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली बसलेल्या माणसांना विचारावे, त्यांतले निम्मे तरी असल्याच दाव्यासाठी आलेले असतात. भाऊबंदकी म्हणतात ती हीच. फरक इतकाच, की आमच्याकडे तंटा दोन-चार एकरांचा असतो, आणि देवगिरीला तो नर्मदेपासून खाली कर्नाटकापर्यंत पसरलेल्या राज्याचा होता.

रामचंद्राने या तंट्यावर जो उपाय काढला तो मात्र तहसिलीतला नव्हता. देवगिरीचा किल्ला लढून घेणे ही सोपी गोष्ट नाही. तेव्हा त्याने नाटक रचले, आणि हा शब्द मी अक्षरशः वापरीत आहे. इतिहासकार सांगतात की, आमणदेव तरुण होता आणि त्याला गाण्याची, नाचाची आवड होती. रामचंद्राची माणसे नट-नर्तकांच्या मेळ्याचे सोंग घेऊन किल्ल्यात शिरली. खेळ सुरू झाला. राजा आणि त्याची माणसे तो पाहण्यात दंग असताना सोंगे गळून पडली, आणि प्रेक्षक कैदी झाले. एका रात्रीच्या खेळात दक्षिणेतल्या एका बलाढ्य राज्याचा धनी बदलला!

आमच्या गावात सुगीच्या दिवसांत रायरंद येतो. रायरंद म्हणजे बहुरूपी. कधी पोलीस होऊन येतो आणि 'वॉरंट' दाखवून म्हाताऱ्यांना दरडावतो, कधी डॉक्टर होऊन बायाबापड्यांची नाडी बघतो. सगळ्यांना ठाऊक असते की हे सोंग आहे; तरीही सगळे घटकाभर घाबरतात, मग हसतात, आणि सुपातले पसाभर धान्य त्याच्या झोळीत घालतात. सोंग आणणाऱ्याला दार मोकळे ठेवावे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आमणदेवाने तरी दुसरे काय केले होते? शत्रूला अडवण्यासाठी त्याच्याकडे खंदक होता, पहारे होते. कलावंताला अडवण्याची व्यवस्था त्याच्याकडे नव्हती. राज्य चालवणाऱ्याने सावध असावे हे खरे. पण गाणे ऐकायला बसलेल्या माणसाला धरण्यात मला काही मोठा पराक्रम दिसत नाही.

या साऱ्या उलथापालथीत एक गोष्ट फार बोलकी आहे. महादेवाच्या दरबारात हेमाद्री, म्हणजे ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो तो, श्रीकरणाधिप होता. राज्याचे दप्तर त्याच्या हाती होते. आमण गेला, रामचंद्र आला. पण हेमाद्री होता तिथेच राहिला, रामचंद्राच्या राज्यातही मोठ्या पदावर राहिला. राजे बदलले, दप्तर बदलले नाही. सरपंच बदलतो आणि ग्रामसेवक तोच राहतो, हे आपण पाहतोच. पण त्यामुळे एक झाले. आमणदेवाच्या बाजूने लिहिणारे कोणी उरले नाही. ज्यांच्या हाती लेखणी होती ते सारे रामचंद्राच्या बाजूला होते.

आणि म्हणूनच आमणदेव आज आपल्याला भेटतो तो त्याच्या वैऱ्याच्या शब्दांत. पैठणला सापडलेला रामचंद्राचा शके ११९३ चा, म्हणजे इ. स. १२७१-७२ च्या सुमाराचा एक ताम्रपट आहे. तो आहे दानपत्र. परंतु त्यात रामचंद्राची थोरवी गाताना, त्याने आमणापासून राज्य बळाने हिरावून घेतले, असे अभिमानाने नोंदवले आहे. दानधर्माच्या पत्रात भावाचा पाडाव! पुण्य आणि पराक्रम एकाच तांब्यावर कोरून टाकले.

पुढे त्या आमणाचे काय झाले? महानुभाव पंथाच्या परंपरेत अशी कथा आहे की रामचंद्राने त्याचे डोळे काढले. नाच पाहण्याची आवड असलेल्या माणसाचे डोळे! हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ नुसती बसून राहिले. असे का करीत असतील? तर आंधळा माणूस राज्य करू शकत नाही, असा त्या काळचा समज होता. महाभारतातल्या धृतराष्ट्रापासून आपण हे ऐकत आलो आहोत. भावाला मारण्याचे पाप नको, पण गादीची भीतीही नको, असा तो हिशेब!

हे आपल्याकडेच घडत होते असे नाही. युरोपात पोलंड नावाचा देश आहे. तिथे बाराव्या शतकाच्या आरंभी बोलेस्लाव आणि झ्बिग्नेव या दोघा सावत्र भावांत असाच तंटा झाला. बोलेस्लाव जिंकला, आणि १११२ च्या सुमारास त्याने झ्बिग्नेवाचे डोळे काढवले. पोलंडचा सर्वांत जुना इतिहास बोलेस्लावच्याच दरबारी राहणाऱ्या एका परदेशी लेखकाने लिहिला. साहजिकच त्यात बोलेस्लाव थोर आहे आणि झ्बिग्नेव कारस्थानी. हा बोलेस्लाव ११३८ मध्ये वारला, तेव्हा मुलांनी तरी भांडू नये म्हणून राज्य त्यांच्यात वाटून गेला. पण तेही भांडले, आणि पुढे जवळजवळ दोन शतके तो देश लहान लहान तुकड्यांत विभागलेला राहिला. देवगिरी कुठे आणि पोलंड कुठे! भाषा वेगळी, धर्म वेगळा, बर्फ आणि ऊन यांचे अंतर. पण भाऊबंदकी तीच, सळई तीच, आणि लेखणीही तशीच.

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या सहलीत मी देवगिरीचा किल्ला पाहिला. आज आपण ज्याला दौलताबाद म्हणतो तोच हा किल्ला. त्यातले बरेचसे बांधकाम यादवांनंतरचे आहे. तो उंच चांद मिनार तर बहमनी काळातला. पण सरळसोट तासलेला तो कडा, खालचा खंदक आणि डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही अशी ती अंधारी वाट पाहिली, आणि हा किल्ला कपटावाचून का पडत नव्हता ते कळले. अंधारीत मुली एकमेकींचे हात धरून ओरडत होत्या, हसत होत्या. मी मात्र भिंत चाचपडत चालले होते आणि मनात एकच विचार होता, की ज्याचे डोळे गेले त्याला सारा जन्मच ही अंधारी झाली असेल.

काळाचा न्याय मात्र पुढे पाहण्यासारखा आहे. रामचंद्राने जवळजवळ चाळीस वर्षे राज्य केले. त्याच्याच राज्यात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी झाली, आणि तिच्या अखेरीस त्याचे नावही आले. एवढे भाग्य महाराष्ट्रातल्या फार थोड्या राजांना लाभले असेल. पण १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला. मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली. किल्ल्यात धान्याची म्हणून भरलेली पोती उघडली तर त्यांत मीठ निघाले, अशी कथा आहे. नाटकाने किल्ला घेणाऱ्याला पोत्यांच्या सोंगाने फसवले! अपार संपत्ती देऊन त्याला तह करावा लागला. पुढे १३०७-०८ च्या सुमारास मलिक काफूर आला आणि रामचंद्राला दिल्लीला घेऊन गेला. तिथून तो मानपान आणि पदवी घेऊन परतला खरा, पण दिल्लीचा मांडलिक म्हणून.

त्यानंतरचा, शके १२३२ चा म्हणजे इ. स. १३१० चा, त्याचा एक ताम्रपट बीड जिल्ह्यात गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीला सापडला आहे. आयुष्याच्या अखेरीला आलेला, दिल्लीचा कैदी होऊन आलेला हा राजा. त्याच्याही या पत्रात विजयांचीच यादी आहे, आणि आमणाकडून देवगिरी घेतल्याची चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट त्यातही आहे! मला वाटते, माणूस ज्या गोष्टीची इतकी वर्षे फुशारकी मारतो, ती त्याला आतून टोचत असते.

आपण विचाराल, सातशे वर्षांपूर्वीच्या या राजाशी तुझे काय नाते? माझ्या घरात पाटी-पेन्सिलीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आमच्या घराण्याचा इतिहास म्हणाल तर एका पत्र्याच्या पेटीत मावतो. त्या पेटीत शिधापत्रिका आहे, काही पावत्या आहेत, आणि एक जुने खरेदीखत आहे. बहात्तर सालच्या दुष्काळात माझ्या पणजोबांनी तीन एकर रान विकले त्याचे. पणजोबांचे नाव असलेला एवढा एकच कागद आमच्याकडे आहे. निजामाच्या राज्यात महसुलाचे कागद उर्दूत असत. त्यांत त्यांच्या वाडवडिलांची नावे कुठे असतीलही, पण ती वाचणारे आमच्यात कोणी नव्हते. म्हणजे आमच्या पणजोबांची कागदोपत्री पहिली ओळख हीच, की त्यांनी जमीन विकली. खाली त्यांचा अंगठा आहे. शाई पसरून त्याच्या रेषा बुजून गेल्या आहेत.

त्या कागदात लिहिले आहे की, जमीन 'राजीखुशीने' दिली. मी तो मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा आजी जात्याजवळ तूर निवडीत बसली होती. ती त्या वर्षी नवी सून म्हणून या घरात आली होती.

"राजीखुशीनं?" तिने विचारले. "काय लिव्हलंय त्यात, पुन्यांदा वाच बरं."

मी पुन्हा वाचले.

"पोरी, मामंजी त्या दिशी अंगठा देऊन आले अन् बैलाच्या दावणीला जाऊन बसले. बैल तर आधीच इकले व्हते. मोकळ्या दावणीपाशी बसले. दोन दिस भाकरीला हात लावला न्हाई. राजीखुशी म्हणं!"

"मग कागदात असं कामून लिव्हलं?" मी विचारले.

"लिव्हणारा त्येंचा व्हता, माय. आपल्याला कुठं येत व्हतं लिव्हायला?"

आजीने हे अगदी साध्या आवाजात सांगितले आणि ती पुन्हा तूर निवडू लागली. मला मात्र पैठणचा ताम्रपट आठवला. त्या ताम्रपटाने निदान खरे तरी लिहिले होते, की राज्य बळाने घेतले! राजाला आपल्या बळाची लाज वाटत नव्हती. आमच्या खरेदीखताला ती वाटली, म्हणून त्याने भुकेचे नाव राजीखुशी ठेवले.

बाबा ओसरीवर बसून हे ऐकत होते. ते म्हणाले, "तो राजा तर राजाच व्हता. पडला तरी तांब्यावर नाव आलं त्याचं. आपल्या आज्याला तांब्या न्हाई मिळाला, कागद मिळाला." बाबांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. पण त्यांच्या या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण ते खरे होते. आमणदेवाची कीव करताना हे विसरून चालणार नाही. ज्या ताम्रपटांत या राजांची भांडणे आहेत, त्याच ताम्रपटांनी गावे दान दिली जात. गावाच्या सीमा लिहिल्या जात, उत्पन्नाचे हक्क लिहिले जात. पण त्या गावात नांगर धरणारा, खळ्यावर धान्य उफणणारा, त्याचे नाव कोणी विचारीत नसे. गाव एकाचे दुसऱ्याला गेले हे त्याला बहुधा सुगीच्या वेळी, वसुलीला नवा माणूस आला म्हणजे कळत असेल. आमण एका ओळीचा राजा, तर ही माणसे अर्ध्या अक्षराचीही धनी नव्हती. माझे पणजोबा खरे त्यांचे वंशज.

पण मग याच मातीत दुसरेही एक घडले, ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आमणदेव ज्या सुमारास गादीवर बसला त्याच सुमारास, शके ११९२ मध्ये, म्हणजे १२७० मध्ये, संत नामदेवांचा जन्म झाला असे परंपरा सांगते. आणि जन्मस्थान म्हणून आपल्या हिंगोली जिल्ह्यातले कयाधूकाठचे नरसी गाव आपण सारे मानतो. देवगिरीत राज्याची खेचाखेच चालली होती आणि इकडे एका शिंप्याच्या घरी पाळणा हलत होता. कोणाच्या ध्यानीमनी तरी असेल काय, की या दोघांत लक्षात राहणारा तो पाळण्यातला आहे? नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांपाशी शिकले अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पुढे ते पार पंजाबापर्यंत पोचले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची पदे आहेत, आणि म्हणून आज नरसीला पंजाबातूनही माणसे येतात.

त्याहून मला नवल वाटते ते जनाबाईचे. गंगाखेडची ही पोरकी मुलगी नामदेवांच्या घरी दळण-कांडण करीत होती. तिला राज्य नव्हते, रान नव्हते, ताम्रपट तर नव्हताच. पण ती आपले सुखदुःख आपल्या शब्दांत बोलली. म्हणून सातशे वर्षांनंतरही बायका तिला ओळखतात ते तिच्याच तोंडून. देवगिरीच्या राजाला वैऱ्याच्या शब्दांत जगावे लागते आणि दळणारी बाई स्वतःच्या शब्दांत जगते, हा आपल्या इतिहासातला केवढा मोठा निवाडा आहे!

मला वाटते, कोण लहान आणि कोण थोर हे राज्याच्या मोजमापाने ठरत नाही. आपली गोष्ट आपल्याला सांगता आली की नाही, यावर ते पुष्कळसे ठरते. आमणदेवाला ती सांगता आली नाही. कदाचित सांगू दिली गेली नाही. माझ्या पणजोबांनाही नाही. रामचंद्र चूक होता की बरोबर, गादीवर खरा हक्क कोणाचा, याचा निकाल मी देऊ शकत नाही. थोरल्याचा मुलगा म्हणून त्याची बाजूही खोटी नसेल. पण दोन्ही बाजू ऐकल्यावाचून निकाल देऊ नये हे तर चावडीवरचे पंचसुद्धा मानतात. इतिहासात कितीतरी निकाल एकाच बाजूच्या कागदावर लागलेले आहेत.

"बी. ए. करून काय होणार?" असे आम्हांला येता-जाता विचारले जाते. इतिहास घेतला म्हटले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दया दिसते. नोकरीचे मला सांगता येत नाही. पण आमच्यासारख्या घरांतून पहिल्यांदाच लिहायला शिकलेली शेकडो मुले-मुली आज या महाविद्यालयात आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी पेटी असेल, तीत असा कागद असेल, आणि त्या कागदात न लिहिलेले सांगणारी एखादी म्हातारी अजून हयात असेल. तिला विचारा. तिच्या शब्दांत लिहून ठेवा, आपल्या शब्दांत नटवू नका. म्हातारी माणसे फार दिवस थांबत नाहीत.

मी एका दोनशे पानी वहीला नवे कव्हर घातले आहे. पहिल्या पानावर पणजोबांचे नाव, गाव आणि साल लिहिले आहे, आणि त्याखाली आजी जे बोलली ते, तिने जसे सांगितले तसेच. त्यात 'राजीखुशीने' हा शब्द नाही.